पत्ता : माहूल

चेंबूरहून वडाळ्याकडे जाणाऱ्या मोनोरेलच्या स्थानकांची नावं नुसती वाचत गेलं तरी या भागाची कुंडली कळते. फर्टिलायझर टाउनशिप, भारत पेट्रोलियम, म्हैसूर कॉलनी, भक्ती पार्क. आधी खत, मग तेल आणि शेवटी भक्ती. मोनोरेल उंचावरून जाते, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसाला भिंतींमुळे जे दिसत नाही ते इथे खिडकीतून दिसतं : पांढऱ्या गोल टाक्यांच्या ओळी, एकमेकांत गुंतलेले नळ, चिमण्या, टँकरच्या रांगा आणि एखाद्या उंच नळीच्या टोकाशी दिवसाढवळ्या जळणारी ज्योत. त्यांच्यापलीकडे खाडीच्या अंगाला सारख्या रंगाच्या, सारख्या उंचीच्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारती दिसतात. अशा ७२ इमारती आहेत आणि त्यांत १७,२०५ घरं. मुंबईतल्या विकासकामांसाठी ज्यांची घरं पाडली, त्यांच्यासाठी बांधलेली ही वसाहत. पाहणाऱ्याला वाटावं, एका शहराने आपल्या नकोशा वस्तू नीट लावून ठेवल्या आहेत.

हे माहूल. इथल्या कोळ्यांचं गाव फार जुनं. खाडी, खारफुटी, निवटी, कालवं यांच्यावर पोट असलेलं. शिवडी आणि माहूलच्या चिखलावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि त्यांचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतात. त्या गुलाबी पंखांमागे धुरकट राखाडी दिसतं ती तेलशुद्धीकरणाची नगरी. तुर्भ्याच्या या टोकाला १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा कारखाना सुरू झाला, १९५५ मध्ये बर्मा-शेलचा. समोर बुचर बेटाजवळ तेलवाहू जहाजांना धक्का मिळत होता आणि त्या वेळचं शहर पुरेसं लांब होतं. पुढे राष्ट्रीयीकरण होऊन दोघांचे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. शेजारी खत कारखाना आला, औष्णिक वीजकेंद्र आलं, रसायनं साठवणाऱ्या खासगी टाक्या आल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले तेव्हा चेंबूरला ६९ हून थोडे जास्त मिळाले. ७० झाले की पट्टा ‘अतिगंभीर’ गणला जातो. पाऊण गुणाच्या आसपास फरकाने चेंबूर त्या यादीतून सुटलं.

म्हणजे माहूलची हवा कशी आहे हे सरकारला ठाऊक होतं. तरीही सरकारने तिथे माणसं नेऊन ठेवली. या लेखाला एवढंच सांगायचं आहे, बाकीचा तपशील आहे. पण सगळा घोळ तपशिलातच आहे, तेव्हा तो पाहू.

तानसा धरणाचं पाणी मुंबईत आणणाऱ्या जाडजूड जलवाहिन्या मुलुंड, भांडुप, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला अशा उपनगरांतून जमिनीवरून जातात. त्यांच्या दोन्ही अंगांना तीन-चार पिढ्यांच्या वस्त्या होत्या. पाइपलाइनवाले म्हणूनच त्यांची ओळख. बायका जवळच्या इमारतींत घरकामाला, पुरुष रिक्षावर, गोदीत, कंत्राटी सफाईत, मुलं पायी जाण्याच्या अंतरावरच्या शाळेत. पाणीपुरवठ्याच्या सुरक्षेचा मुद्दा घेऊन प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २००९ मध्ये आदेश झाला : वाहिनीच्या दोन्ही बाजूंचे दहा-दहा मीटर मोकळे करा. लाखो लोक पितात ते पाणी सुरक्षित असावं, यात वाद असण्याचं कारण नाही. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात पुढे काय करायचं तेही ठरलं. महापालिकेने मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक आणि चालण्याचा मार्ग आखला. नाव ‘ग्रीन व्हील्स अलाँग ब्लू लाइन्स’. प्रदूषणमुक्त वाहतूक, हिरवळ, निरोगी नागरिक. हवामानबदलाच्या कुठल्याही परिषदेत टाळ्या मिळाव्यात असा प्रकल्प.

त्या हिरवळीसाठी उठवलेल्या माणसांना चावी मिळाली ती तेल कारखान्यांच्या कुंपणापाशी.

हे कोणी दुष्टपणे बसून ठरवलं असेल असं मला वाटत नाही. असं समजणं सोपं आहे, पण खरं यंत्र जास्त थंड आहे. मुंबईत प्रकल्पग्रस्तांची घरं बांधायला महापालिकेला स्वतःचे पैसे फारसे घालावे लागत नाहीत. बिल्डर आपल्या जमिनीवर घरं बांधून ती फुकटात पालिकेच्या स्वाधीन करतो आणि त्या बदल्यात त्याला टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो. तो हक्क तो दुसरीकडे, जिथे चौरस फुटाला भाव आहे तिथे वापरतो किंवा विकतो. मग फुकटात द्यायची घरं तो कुठे बांधेल? जिथे जमीन सगळ्यात स्वस्त तिथे. आणि या शहरात जमीन स्वस्त कुठे असते? कचराभूमीच्या कडेला, खाडीच्या गाळात, तेलाच्या टाक्यांच्या शेजारी. बिल्डरला फायदा, पालिकेला घरं, प्रकल्पाला मोकळी जागा. कागदावर सगळ्यांचं भलं होतं. श्वास घेणाऱ्याचा रकाना त्या कागदावर नसतो. पात्रतेच्या कागदपत्रांत १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, वीजबिल, मतदारयादी, शिधापत्रिका मागतात. घरात दमेकरी कोण आहे, हे विचारत नाहीत.

माहूल गाव आणि आंबापाड्यातले मूळ कोळी रहिवासी पाइपलाइनवाले येण्याआधीपासून हवेबद्दल तक्रार करत होते. केईएम रुग्णालयाच्या पाहणीत तिथल्या सुमारे ६७ टक्के लोकांनी सांगितलं की महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते. डोळे चुरचुरण्याची तक्रार करणारे ८६ टक्क्यांच्या वर होते. रहिवाशांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला आणि या भागातल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं स्पष्ट नोंदवलं. तेलाच्या आणि रसायनांच्या टाक्या भरताना, रिकाम्या करताना जी बाष्पं सुटतात, बेंझीनसारखी, त्यांचा हा प्रश्न होता. डोळ्यांना धूर दिसत नाही. वास येतो, डोकं जड होतं, घसा बसतो.

आता तारखांचा क्रम पाहा. निकाल २०१५ चा. विद्याविहार-घाटकोपरच्या पाइपलाइनवाल्यांची मोठी पाठवणी २०१७ मधली. ज्या हवेला लवादाने धोकादायक ठरवलं, तिथेच दोन वर्षांनी पालिकेने हजारो माणसं राहायला पाठवली. अज्ञानाचा बचाव इथे संपतो.

कारखान्यांची बाजू अशी की आम्ही इथे १९५४-५५ पासून आहोत, लोक नंतर आले, शिवाय संवेदनशील प्रकल्पाला लागून एवढी वस्ती सुरक्षेच्या दृष्टीनेही बरी नव्हे. गावातल्या कोळ्यांची बाजू अशी की तुमच्याआधी आमची होडी इथे लागत होती. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतात, आणि दोघांचं खरं असल्यामुळेच बोट तिसऱ्याकडे वळतं : ज्याने नकाशा समोर असताना या दोघांच्या मध्ये १७ हजार घरांना परवानगी दिली त्याच्याकडे. ऑगस्ट २०१८ मध्ये भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट झाला, चाळीसहून अधिक माणसं जखमी झाली आणि वसाहतीतल्या खिडक्या हादरल्या. तेव्हा सुरक्षेचा मुद्दा किती खरा होता ते दिसलं.

जगात या प्रकाराला एक नाव आहे : पर्यावरणीय वंशभेद. ते अमेरिकेत रूढ झालं आणि तिथली गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण तिचा शेवट आपल्याला कामाचा आहे. १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेलं तेल काही जणांनी रात्री-बेरात्री टँकरमधून सुमारे २४० मैल रस्त्यांच्या कडेला सोडून दिलं. विल्हेवाटीचा खर्च वाचवायला. ती दूषित माती पुरायला राज्य सरकारने जागा निवडली वॉरन काउंटीची, जिथले बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय आणि गरीब. १९८२ मध्ये लोक ट्रकांपुढे रस्त्यावर आडवे झाले. पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. माती शेवटी तिथेच पुरली गेली, पण प्रश्न वर आला. ह्यूस्टनमध्ये रॉबर्ट बुलार्ड या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्येच शोधून ठेवलं होतं की शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी कृष्णवर्णीय वस्त्यांत आहेत, आणि शहरात कृष्णवर्णीय होते जेमतेम पाव हिस्सा. १९८७ मध्ये एका चर्चसंस्थेच्या देशभरच्या अभ्यासाने दाखवलं की घातक कचऱ्याची जागा कुठे असेल हे उत्पन्नापेक्षाही वर्णावरून जास्त अचूक सांगता येतं.

यातून १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा आदेश निघाला : केंद्र सरकारच्या प्रत्येक खात्याने आपल्या निर्णयाचा अल्पसंख्याक आणि गरीब वस्त्यांच्या आरोग्यावर काय परिणाम होतो ते तपासावं. आदेश मवाळ होता, त्याने कारखाने बंद पडले नाहीत. पण निदान सरकारी अधिकाऱ्याला एक प्रश्न विचारणं भाग पडलं : शेजारी कोण राहतं? जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पदावर येताच एका सहीने तो आदेश रद्द केला. ३१ वर्षं टिकलेली गोष्ट एका दुपारी गेली, कारण ती आदेश होती, कायदा नव्हती. आपल्याकडे जे मागायचं ते कायद्यात मागावं, हा त्यातला आपल्या उपयोगाचा भाग.

आपल्याकडे वर्ण नाही, जात आहे. महाराष्ट्रात हे कुणाला वेगळं शिकवायची गरज नाही. गावाचा नकाशा आठवा : वस्ती गावकुसाबाहेर, ओढ्याच्या उताराला, गावावरून आलेला वारा आणि वापरून झालेलं पाणी जिकडे जातं तिकडे. मेलेलं जनावर ओढायचं काम ज्यांच्याकडे, त्यांचीच घरं त्या वाटेला. शहराने हा नकाशा पुसला नाही, मोठा केला. मुंबईचा कचरा देवनारला जातो तो १९२७ पासून, आणि त्या ढिगाच्या पायथ्याशी गोवंडी-शिवाजीनगरात दलित आणि मुसलमान कुटुंबं दाटीवाटीने राहतात. शहराच्या इस्पितळांचा जैववैद्यकीय कचराही वर्षानुवर्षं त्याच भागात जाळला गेला. फरक एवढाच की अमेरिकेत बहुतेकदा विष वस्तीकडे आणलं गेलं. माहूलमध्ये वस्ती विषाकडे नेली, आणि त्याला पुनर्वसन म्हटलं. पुनर्वसन झालेल्या माणसाने तक्रार करायची म्हणजे दुहेरी पंचाईत. झोपडीतून पक्क्या घरात आलात, लिफ्ट आहे, संडास आत आहे, आणखी काय हवं? हा प्रश्न मी सुशिक्षित, सुस्वभावी माणसांच्या तोंडून ऐकला आहे. यात वाईट वाटण्यासारखं हे की विचारणाऱ्याला उत्तर खरोखरच ठाऊक नसतं.

उत्तर रहिवाशांनी दिलं. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर ते माहूल सोडून विद्याविहारला, जिथून उठवलं होतं त्याच पाइपलाइनच्या कडेला, पदपथावर येऊन बसले आणि वर्षाहून अधिक काळ बसून राहिले. ‘जीवन बचाओ आंदोलन’ हे नाव. मेधा पाटकरांच्या ‘घर बचाओ घर बनाओ’ची साथ. घरातली माणसं गेल्याचं ते सांगत. क्षय, दमा, त्वचेचे रोग, गर्भपात. मरण पावलेल्यांचा त्यांनी सांगितलेला आकडा शंभराच्या पुढचा. त्या मृत्यूंचं कारण हवाच होती का, हे डॉक्टरी पुराव्याने ठरवायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही, आणि मग पुरावा नाही म्हणून शंका घेतली. पक्कं घर सोडून लोक फुटपाथवर झोपतात, हाही एक पुरावाच असतो, पण तो मोजायला यंत्र लागत नाही म्हणून त्याला मान नाही.

न्यायालयात मात्र तो मोजला गेला. उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये सांगितलं की इथे राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरी जागा द्या, नाहीतर भाडं म्हणून दरमहा १५,००० रुपये आणि अनामत ४५,००० रुपये द्या. जगण्याच्या हक्कात जगण्यालायक हवा येते, हा त्याचा पाया. काही कुटुंबांना, सुमारे तीनशे, म्हाडाची गोराईतली घरं मिळाली. हरित लवादाने ऑगस्ट २०२० मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम आणि रसायनसाठ्याच्या दोन कंपन्यांवर मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. सगळ्यात मोठा वाटा, १४२ कोटी, एजिस लॉजिस्टिक्सचा. एवढा मोठा लढा, एवढे स्पष्ट निकाल. आणि तरी या कहाणीतून राज्याचं एकही धोरण बदललं नाही. टीडीआरच्या बदल्यात प्रकल्पग्रस्तांची घरं घेण्याची पद्धत तशीच आहे. कारखान्यापासून किती अंतरावर माणसं वसवायची नाहीत, याची रेघ नकाशावर अजून नाही.

इथे हवामानबदल येतो, आणि मला वाटतं खरा धोका पुढे आहे.

मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. २०५० पर्यंत शून्य उत्सर्जन, म्हणजे देशाच्या उद्दिष्टापेक्षा वीस वर्षं आधी. चांगली गोष्ट आहे. पण उष्मा आणि पाऊस आजच दाराशी आहेत. १७-१८ जुलै २०२१ च्या रात्री चेंबूरच्या वाशीनाका भागात भारतनगरला टेकडीच्या उतारावरची भिंत घरांवर कोसळली आणि १९ माणसं गेली. त्या पायथ्याशी लोक हौसेने राहत नव्हते. शहरात त्यांना परवडणारी जागा तेवढीच होती. जुलै २०२३ मध्ये खालापूरच्या इर्शाळवाडीवर डोंगर आला : ठाकर आदिवासींची वाडी, २७ मृतदेह सापडले, ५७ जण कधीच सापडले नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत त्या वाडीचं नावही नव्हतं. येत्या वर्षांत अशा वस्त्या हलवाव्याच लागतील. डोंगरउतार, नाल्यांचे काठ, भरतीच्या रेषेवरची घरं. हवामान आराखडा म्हणजे शेवटी, बऱ्याच अंशी, स्थलांतराचा आराखडा असणार आहे. आणि स्थलांतराचं आपलं आजचं यंत्र माणसं कुठे नेतं, ते माहूलने दाखवलं आहे. हे यंत्र न बदलता सरकारला ‘हवामानासाठी काहीतरी करा’ म्हणणं धोक्याचं आहे. ते करेल. पाइपलाइनवर सायकल ट्रॅकच तर करणार होतं.

कायद्याची काठी हातात नाही असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, हो, माळढोकाच्या, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा मूलभूत हक्क असल्याचं मान्य केलं. तो हक्क फक्त जीविताच्या कलम २१ मधून काढला नाही, समतेच्या कलम १४ मधूनही काढला. कारण झळ सगळ्यांना सारखी लागत नाही. वंचितांना जास्त लागते, आणि तशी ती लागू देणं हा समतेचा भंग आहे. एका लाजाळू पक्ष्याच्या आणि विजेच्या तारांच्या भांडणातून एवढं मोठं तत्त्व निघालं. त्याचा पहिला उपयोग पुनर्वसनाच्या कायद्यात व्हायला हवा.

मागण्या काही आकाशातल्या नाहीत. कुठल्याही पुनर्वसन वसाहतीला वापराचा दाखला देण्याआधी तिथली हवा वर्षभर, चारही ऋतूंत, बाष्पांसकट मोजावी आणि आकडे मराठीत दारावर लावावेत. तेलसाठे, कचराभूमी, रसायन कारखाने यांच्याभोवती ठरावीक अंतराची पट्टी आखून त्या पट्टीतल्या बांधकामाला टीडीआर देणं बंद करावं. लोभ संपला की अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. पर्यावरण परिणामांच्या अहवालात झाडं आणि पक्षी मोजतात तसं शेजारी राहणारी माणसं कोण, त्यांची जात, उत्पन्न, आजारपण काय, तेही लिहावं. जागा नाकारणाऱ्या कुटुंबाची पात्रता जाऊ नये, कारण आज नाही म्हणणं म्हणजे घरावर पाणी सोडणं, आणि अशा स्थितीत घेतलेल्या सहीला संमती म्हणत नाहीत. दंडाचा पैसा जे श्वास घेत होते त्यांच्या तपासणीवर आणि औषधावर खर्च व्हावा. आणि हे सगळं विधिमंडळात मंजूर झालेल्या कायद्यात असावं, परिपत्रकात नको. परिपत्रक दुसऱ्या दिवशी बदलतं.

हे निकडीचं का, तर माहूल संपलेलं नाही. न्यायालयाने सक्तीने पाठवायला मना केल्यावर हजारो घरं रिकामी पडली. महापालिकेने २०२५ मध्ये त्यांतली सुमारे नऊ हजार आपल्याच कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपयांना विकायला काढली. मुंबईत पक्कं घर बारा लाखांत! प्रतिसाद इतका थंड की मुदत वाढवावी लागली. पालिकेच्या अधिकाऱ्यांना लवादाचा निकाल वाचायला वेळ झाला नसेल. पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी माहूलची हवा न वाचताच ओळखली.

आणि माहूलपासून थोड्याच अंतरावर त्याहून मोठी गोष्ट घडते आहे. धारावीच्या पुनर्विकासात जे तिथेच घर मिळायला ‘अपात्र’ ठरतील, त्यांच्यासाठी घरं बांधायला ज्या जमिनी दिल्या आहेत, त्यांत देवनार कचराभूमीच्या ३११ एकरांपैकी सुमारे १२४ एकर आहेत. तिथला १८५ लाख टन जुना कचरा उपसायला महापालिकेने २,३६८ कोटींची निविदा काढली. जवळजवळ शतकभराचा कचरा. त्याच्या पोटातून मिथेन निघतो, तळाशी काळं पाणी झिरपतं. २०१६ च्या जानेवारीत तो पेटला तेव्हा धूर कित्येक दिवस शहरावर होता. कचरा उपसला की जमीन वरून सपाट दिसेल, नकाशावर तिला छान नावही मिळेल. खालची माती, पाणी आणि वायू कोण मोजणार, किती वर्षं मोजणार, आकडे वाईट आले तर इमारतींचं काम थांबवायचा अधिकार कोणाकडे असणार, हे प्रश्न पहिली वीट लागण्याआधी विचारायचे आहेत. माहूलच्या वेळी ते सगळं न्यायालयात, मागाहून, माणसं गेल्यावर विचारावं लागलं. देवनारच्या बाबतीत कचरा अजून जागेवर आहे आणि विचारायला वेळ आहे, पुढच्या अधिवेशनापर्यंत तरी.